जिवंत नवऱ्याची विधवा

४ ऑक्टोबर १८८६

आज दुपारपासून मी विधवा झाले. नवरा ठणठणीत आहे. सकाळी त्यांनी दोन वाडगे लापशी खाल्ली, घोडे जुंपले आणि मला नि लेकीला, डोर्थाला, बारा मैलांवर, दरीच्या तोंडाशी, टेमर पिकरिंगबाईंच्या दारात उतरवून ऊन कलायच्या आत परत गेले. जाताना म्हणाले, "आजपासून तू मिसेस हॉल्ट. नवरा खाणीत दरड कोसळून गेला. कोणी विचारलं तर डोळे खाली घाल, म्हणजे लोक पुढे विचारत नाहीत."

डोळे खाली घालण्यासारखं मी काय केलंय? मी मारेन येप्सन, सेव्हरिन येप्सन यांची दुसरी बायको. सहा वर्षांपूर्वी प्रार्थनासभेचे बिशप स्वतः घरी येऊन त्यांच्यासाठी मागणी घालून गेले. देवाच्या साक्षीने, पहिल्या बायकोच्या संमतीने लग्न लागलं, आमच्या पंथात हे धर्माचंच. आता सरकार म्हणतं, दुसरी बायको ज्याच्याकडे सापडेल त्या मॉर्मनाला सहा महिने तुरुंग. मला सहावा महिना आहे. हे पोट म्हणजे पुरावा. म्हणून पुराव्याला उचलून इथे ठेवलं.

गाडीत सेव्हरिननी डोर्थाला एक खेळ शिकवला. "तुझ्या बाबांचं नाव काय?" "माहीत नाही." "घर कुठे?" "माहीत नाही." बरोबर उत्तराला एक मनुका. पाच वर्षांची पोर, तिने सगळ्या मनुका जिंकल्या.

"कागदावर काही लिहू नकोस," असंही ते बजावून गेले. "सरकारी मार्शलची माणसं पहिल्यांदा कागद शोधतात." म्हणून इथे आल्यावर मी टेमरबाईंकडे आधी शाई मागितली आणि मग पाणी.

९ ऑक्टोबर

टेमरबाई इंग्लंडच्या. तीस वर्षांपूर्वी हातगाडी ओढत मैदानं तुडवून इथवर आल्या. पायाची दोन बोटं बर्फात गेली. एकट्याच राहतात. गाय, सहा कोंबड्या, सफरचंदाची चार झाडं. जीभ कात्रीसारखी.

आज शेजारची बाई कुंपणाशी आली तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून नवऱ्याची दरड सांगितली. ती गेल्यावर टेमरबाई म्हणाल्या, "पोरी, माझा नवरा खराखुरा मेलाय. तेव्हा माझ्या घरात विधवेचं सोंग करायचं तर नीट कर. खऱ्या विधवेला एवढी भूक लागत नाही."

मला हसू आलं, मग राग आला. वीस वर्षांपूर्वी आम्ही डेन्मार्कहून निघालो. मी सात वर्षांची, बैलगाडीमागून चालत आले. आईला प्लॅट नदीच्या काठी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागलो, कारण पुढे असा मुलूख होता म्हणे की जिथे आपल्याला कोणी लपायला लावणार नाही.

३१ ऑक्टोबर

मीठ नेणाऱ्या गाडीवाल्याने माझ्या सवतीकडून गाठोडं आणलं. सुकवलेले प्लम, डोर्थासाठी लोकरीचे मोजे दोन जोड, एक पिवळं पडलेलं तागाचं कापड आणि चिठ्ठी. चिठ्ठी अशी: "करडी कोंबडी मेली. डोर्थाला कच्ची सफरचंदं देऊ नये, तिचं पोट दुखतं. तुझ्या खिडकीची काच बसवून घेतली. अबेलोने."

एवढंच. कशी आहेस, असं दोन शब्दांत विचारलं असतं तर हात झिजला असता का? माझ्या लेकीचं पोट कशाने दुखतं ते मला माहीत नाही का? आणि कापड तरी नवं पाठवावं. जुनं, घडीवर पिवळं झालेलं, कोपऱ्यात तिच्या माहेरच्या नावाची अक्षरं रेशमाने भरलेली. म्हणजे बाळाला गुंडाळतानाही मला आठवावं की घर कोणाचं आहे.

सहा वर्षांत ती मला कधी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. पंचेचाळिशीची बाई, तीन मुलगे शेतात राबणारे, मोठं घर तिचं. मी पाटापलीकडच्या दोन खोल्यांत. माझ्या लग्नात ती माझ्या शेजारी उभी होती. चेहरा विटेच्या भिंतीसारखा.

१४ नोव्हेंबर, रविवार

टेमरबाई सभेहून आल्या. बिशप म्हणाले म्हणे की लपून राहणाऱ्या आपल्या भगिनी क्रूस वाहत आहेत.

वाहतोय खऱ्या. पण जो पुरुष तुरुंगातून सुटून येतो त्याच्यासाठी गावाच्या वेशीवर बँड वाजतो, पोरं झेंडे घेऊन उभी राहतात, जेवणं होतात. लपलेल्या बाईसाठी बँड वाजलेला मी तरी ऐकला नाही. वाजला तर ती सापडेल, हे खरं. पण सगळं संपल्यावर तरी?

आणि सरकारचं तरी काय सांगावं. एकविसाव्या वर्षी मी शाळेच्या खोलीत जाऊन मत टाकून आले होते. मग कायदा आला, दोन बायकांच्या नवऱ्यांना मत नाही, आणि त्यांच्या बायकांनाही नाही. म्हणे आम्ही गुलाम आहोत, आम्हाला सोडवायचंय. सोडवण्याची सुरुवात आमच्या हातातलं काढून घेण्यापासून.

१२ डिसेंबर

सेव्हरिन आले होते. दहा आठवड्यांनी. दुसऱ्याचा कोट, टोपी भुवयांपर्यंत. घरात आलेच नाहीत. गोठ्याच्या आडोशाला उभे राहिले, नजर सारखी रस्त्याकडे.

डोर्था माझा हात धरून बाहेर आली. त्यांनी वाकून विचारलं, "ओळखलंस का मला?"

ती म्हणाली, "नाही. तुम्ही कोण?"

सेव्हरिन खूश झाले. अगदी हसले. "वा, हुशार आहे," म्हणाले आणि खिशातून साखरकांडी काढून दिली. तिने ती घेतली आणि माझ्या झग्यामागे गेली. ती खेळत होती की नाही ते मला कळलं नाही, आणि तिला विचारायचा मला धीर झाला नाही.

मग ते कामाचं बोलले. "पकडलं गेलोच तर खटल्यात तुलाच साक्षीला बोलावतील. अबेलोनेला बोलायची सक्ती करता येत नाही, ती कायद्याची बायको. तुझ्यावर येते. मुलांचा बाप कोण, असं विचारतील."

"मग?"

"सांगायचं, माहीत नाही. आलागेला कोणी होता, निघून गेला."

"सेव्हरिन, असं कसली बाई सांगते ते माहीत आहे का तुम्हाला?"

"शब्द आहेत गं नुसते. देवाला खरं माहीत आहे."

"देव आपल्या गावात दुकानाला येत नाही. गावातल्या बायका सगळ्या येतात."

ते म्हणाले, "मी तुरुंगाला भीत नाही. पण वसंतातली पेरणी कोण बघणार? पाटाच्या पाण्याची पाळी कोण सांभाळणार? तू माझ्या जागी येऊन विचार कर." आणि गेले. पाऊण तासही थांबले नाहीत.

१३ डिसेंबर

काल रागाच्या भरात जास्त लिहिलं. त्यांच्यावर फार ओझं आहे. बारा मैल थंडीत आले ते प्रेम असल्याशिवाय का? टेमरबाईंना हे म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मीठवाला दर पंधरवड्याला येतो, पोरी. त्याचं तर तुझ्यावर केवढं प्रेम असेल." मीठवाला अबेलोनेची गाठोडी घेऊन येतो, म्हणून. काल चौथं आलं.

२ फेब्रुवारी १८८७

मुलगा झाला, गुरुवारी. टेमरबाईंनीच सगळं केलं. मुलगा टपोरा आहे, सेव्हरिनचं नाक घेऊन आलाय. पुराव्याला पुरावा.

नाव आन्टन ठेवलं. आठव्या दिवशी बाळाला सभेत आशीर्वाद द्यायची आपली रीत. बाप हातावर घेतो आणि मोठ्याने नाव उच्चारतो. आता कोण घेणार आणि काय उच्चारणार? आन्टन हॉल्ट? त्या हॉल्टला तर आम्ही दरडीखाली गाडलंय.

सेव्हरिनना निरोप गेला. उत्तर नाही. मोठ्या मुलाच्या हाती अबेलोनेने हंसाच्या पिसांची गादी पाठवली. तो म्हणाला, "आईने विचारलंय, बाळ अंगावर नीट पितं का?" तिला काय करायचंय? पण पितं असं सांग म्हटलं.

थंडी एवढी आहे की नाइलाजाने ते पिवळं कापड काढलं. मऊ मात्र आहे.

९ मार्च

ते आले. न्याहारीच्या वेळी, मार्शलचे दोघे. एक बाहेर थांबला, दुसऱ्याने आत येऊन आधी पाळण्यात पाहिलं आणि मग पुरुषाचे कपडे सापडतात का म्हणून कपाट उघडलं. टेमरबाई लाटणं हातात धरून म्हणाल्या, "माझ्या कपाटात नवरा सापडला तर मलाच दे, बाबा, अकरा वर्षं शोधतेय." तो हसला नाही.

त्याने खुर्ची ओढली आणि डोर्थासमोर बसला. गोड आवाजात विचारलं, "बाळ, तुझे बाबा कुठे असतात?"

"मला बाबा नाहीत."

"मेले?"

"कधीच नव्हते," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मनुकेसाठी. मला वाटलं जमीन मला गिळेल तर बरं.

तो माझ्याकडे वळला. "ऐकलंस? कधीच नव्हते म्हणते. मग तुला लोकांनी काय म्हणावं, बाई?"

मी सांगते मला काय वाटलं. त्याच्या तोंडावर गरम लापशी ओतावी असं वाटलं. पण त्याच्यापेक्षा जास्त राग मला दुसऱ्याचाच आला. हा परका माणूस जे विचारत होता, तेच मी स्वतःच्या तोंडाने कोर्टात कबूल करावं, असं माझ्या नवऱ्याने गोठ्याआड उभं राहून सांगितलं होतं.

त्याने समन्स टेबलावर ठेवलं. सेव्हरिनना काल सकाळीच पकडलंय. धान्याच्या कोठारात होते, गव्हात मानेपर्यंत. जामिनावर सुटले. खटला एप्रिलमध्ये.

२७ मार्च

वकील येऊन गेला, आपल्याच पंथाचा. त्याने माझ्याकडून वाक्य पाठ करून घेतलं, डोर्थाला शिकवलं होतं तसंच. बिशपांची चिठ्ठीही दिली: भगिनीने आपल्या धन्याचं रक्षण करावं, हा त्याग व्यर्थ जाणार नाही.

त्याग म्हणजे काय ते मला कळतं. सातव्या वर्षी कळलं, नदीच्या काठी. पण माझ्या मुलांचं नाव माझं आहे का टाकायला?

तरी तीन दिवस मी ते वाक्य म्हणून पाहिलं. म्हणता येतं. तेच वाईट आहे.

२० एप्रिल

कोर्ट झालं. सगळं लिहिते.

साक्षीदारांच्या खोलीत बाकावर अबेलोने बसलेली. काळा झगा, मांडीवर टोपली. तिला समन्स नव्हतं. मला वाटलं माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलीय. तिने टोपलीतून काळा पाव नि चीज काढून डोर्थाला दिलं, आणि काही न विचारता माझ्या हातातून आन्टनला घेतलं. मी पाच तास त्याला धरून होते.

"काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"वकिलाने पढवलंय ते सांगू की खरं ते? तुम्हीच सांगा ताई. घर तुमचं आहे, नवरा आधी तुमचा आहे."

तिने बाळाकडे पाहिलं. "हे नाक बघ. आंधळ्या न्यायाधीशालाही दिसेल. खोटं बोलायचंच तर निदान टिकेल असं बोलावं."

मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "तुझ्या लग्नात मी होते. माझ्यादेखत झालेली गोष्ट झालीच नाही असं कोणी म्हटलेलं मला आवडणार नाही. मला ते फार महाग पडलंय."

आतून हाक आली. कोर्ट माणसांनी भरलेलं. आपले लोक एका बाजूला, सरकारचे दुसऱ्या. सेव्हरिन नवीन कॉलर लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, घोड्याला चल म्हणताना हलवतात तशी.

सरकारी वकिलाने विचारलं, "या दोन मुलांचा बाप कोण?"

मी म्हटलं, "सेव्हरिन येप्सन. माझे यजमान. ते तिथे बसलेत, निळ्या कॉलरचे. आमचं लग्न झालंय, आणि दोन्ही मुलं लग्नानंतरची आहेत. हे लिहून घ्या."

आपल्या बाजूने असा आवाज आला जणू सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. सेव्हरिननी कपाळाला हात लावला. मी खाली बसले. पाठ सरळ होती.

पंचांना फार वेळ लागला नाही. दोषी. मग न्यायाधीशाने सेव्हरिनना उभं केलं आणि विचारलं, यापुढे कायदा पाळाल असा शब्द देता का? दिला तर आज घरी जा. नाही तर सहा महिने.

हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. आपली माणसं नाही म्हणतात आणि तुरुंगात जातात. सेव्हरिननी सभेत दोनदा यावर प्रवचन दिलं होतं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, आता उभे आहेत ते माझे सेव्हरिन. शिक्षा माझ्यामुळे होतेय, जन्मभर मी त्यांची सेवा करीन.

सेव्हरिन म्हणाले, "शब्द देतो. यापुढे एकच घर, एकच बायको. अबेलोने."

"आणि ही बाई?"

"मुलांना अन्नवस्त्र देईन. पण ती माझी बायको नाही."

घटकाभरापूर्वी मी शपथेवर सांगितलं होतं ते. एका वाक्यात पुसलं. सरकारने नाही, मार्शलने नाही. ज्यांनी गोठ्याआड सांगितलं होतं की तुरुंगाला भीत नाही, त्यांनी.

आणि सहा महिने मी विधवेचं सोंग कोणासाठी केलं? डोर्थाला बाप पुसायला कोणासाठी शिकवलं? हा शब्द द्यायचाच होता तर ऑक्टोबरात द्यायचा. मी माझ्या घरी, माझ्या खाटेवर बाळंत झाले असते.

२१ एप्रिल

काल कोर्टाबाहेर आपल्यापैकी कोणी माझ्याशी बोललं नाही. बिशपांच्या बायकोने झगा आवरून घेतला, मी चिखल असल्यासारखा. सेव्हरिनशीही कोणी बोललं नाही, तेवढा न्याय झाला. ते कागदांवर सह्या करायला वकिलाबरोबर मागे राहिले.

अबेलोनेने घोडे जुंपले. "चढ," म्हणाली.

ती पुढे बघत घोडे हाकत होती. मला वाटलं, जिंकलीच ती. आता सगळं तिचं. मी म्हटलं, "मला टेमरबाईंकडे सोडा."

"तुझी पेटी तिकडे आहे ना? ती घ्यायला जाऊच."

"घ्यायला? आणि मग कुठे?"

"घरी."

"माझ्या खोल्यांत?"

"मोठ्या घरात. वरची खोली मुलांनी झाडून ठेवलीय. आन्टनला तिकडे ऊन मिळेल."

मला काही समजेना. "पण ताई, त्यांनी शब्द दिलाय. मी ज्या घरात राहीन तिथे त्यांना राहता येणार नाही. मार्शलची माणसं लगेच येतील."

"येतील ना," ती म्हणाली, आणि घोड्यांच्या पाठीवर लगाम हलकेच आपटला. "एकच बायको, म्हणाले. माझं नाव घेतलं, भर कोर्टात. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला काही विचारलेलं नाही, मारेन. तुला आणायचं तेव्हाही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आज तुला टाकलं तेव्हाही तसंच."

टेमरबाईंनी माझी पेटी स्वतः उचलून गाडीत टाकली. मला म्हणाल्या, "विधवेपेक्षा हे बरं दिसतंय तुला."

२२ एप्रिल

सेव्हरिन आज दुपारी आले. ओसरीत माझी पेटी दिसली तशी दारातच थबकले.

"हे काय? ही इथे कशी?"

अबेलोने पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "इथेच राहणार आहे. मुलंही."

"अगं, पण मी न्यायाधीशाला शब्द दिलाय. हिच्यासोबत एका छपराखाली सापडलो तर या वेळी सरळ तुरुंग."

"म्हणून तर तुमचं सामान पाटापलीकडे नेऊन ठेवलंय. अंथरूण, दाढीचं सामान, बायबल. काच नवी आहे खिडकीची, वारा येणार नाही."

"अबेलोने, हे माझं घर आहे."

"आहे की. पेरणी करा, पाण्याची पाळी सांभाळा. जेवण मुलांच्या हाती पाठवीन. दिलेला शब्द मोडायला मी कशी सांगू तुम्हाला? देव बघतोय."

ते माझ्याकडे वळले. "मारेन, तू तरी काही बोल."

मी सहा महिने कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "मी तुमची बायको नाही, साहेब. मी काय बोलणार?"

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मोठा मुलगा कंदील नि कोळशाचं घमेलं घेऊन पुढे चालू लागला, तसे त्याच्यामागून गेले. पाटावरची फळी ओलांडताना त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले होते, म्हाताऱ्या माणसासारखे. मला दया आली. येऊ नये असं वाटत असताना आली, म्हणून इथे लिहून ठेवते.

अबेलोनेने खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती पीठ मळतच होती, पावाला लागतं त्याच्या कितीतरी पलीकडे, खाली मान घालून, दोन्ही मुठींनी. मी आन्टनला पाळण्यात ठेवलं, हात धुतले आणि परातीतला अर्धा गोळा माझ्याकडे ओढून घेतला.